लेझरची रेघ आणि कातड्याची पारख

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बारावीनंतर आय.टी.आय. करून घरी बसला आहे. गेल्या गणपतीत तो मामाकडे लालबागला आला होता. तेथे एका गाळ्यात त्याने लेझरचे यंत्र पाहिले. रंगीत झाकणाच्या पेटीत प्रकाशाचा ठिपका पुढे-मागे फिरतो आणि पाहता पाहता कातड्याच्या पट्ट्यावर नाव उमटते. गावी परतल्यापासून त्याच्या डोक्यात दुसरा विषय नाही. बैलांच्या गळ्यातले पट्टे, पाकिटे, किल्ल्यांच्या साखळ्या करीन म्हणतो. म्हैस विकून त्याला यंत्र घेऊन द्यावे का, असे ताई विचारतात. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे : "आमच्या घरात कातड्याचे काम कधी कुणी केलेले नाही, लोक काय म्हणतील याचीही धास्ती वाटते."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. म्हैस निदान वर्षभर दावणीलाच राहू द्या. मुलाची हौस खोटी आहे असे मात्र समजू नका. यंत्र खरे आहे, काम खरे आहे आणि बाजारही आहे. फक्त कशाच्या आधी काय, हा क्रम त्याचा चुकतो आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर वळतो, कारण तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

लालबागच्या मिरची बाजारात उन्हाळ्यात कधी आला असाल तर डंक पाहिले असतील. बाया मिरच्या, धने, खडा मसाला भाजून आणतात आणि डंकावर कुटून नेतात. डंक सगळ्यांना एकच, पण प्रत्येकीचा मसाला वेगळा. मिरची कोणती, किती भाजली, दगडफूल किती घातले, हे डंकाला ठाऊक नसते. लेझरचे यंत्र हा असाच एक डंक आहे. गणपतीच्या आधी महिनाभर हीच यंत्रे पातळ लाकडी फळ्यांतून मखराच्या जाळ्या आणि कमानी कापत असतात. एरवी घराच्या पाट्या, बक्षिसांच्या ढाली, लग्नातल्या भेटवस्तू यांवर नावे कोरतात. कातडे हे त्यांच्या पुढ्यात येणाऱ्या दहा वस्तूंपैकी एक.

यंत्र काय करते ते समजून घ्या. लहानपणी भिंगाने ऊन एका ठिपक्यावर धरून कागद जाळला असेल, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा, घट्ट बांधलेला प्रकाश. तो बारीक ठिपक्यावर आणला की तेथली वस्तू जळते. संगणकावर काढलेल्या अक्षराबरहुकूम मोटर तो ठिपका फिरवते. ताकद कमी आणि चाल जलद ठेवली तर वरचा पापुद्रा काळवंडून अक्षर उमटते. ताकद जास्त आणि चाल सावकाश ठेवली तर कातडे आरपार कापले जाते.

घरगुती कामासाठी दोन जाती मिळतात. लहान यंत्रात निळ्या प्रकाशाचा डायोड असतो, मोठ्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरलेली काचेची नळी. या दुसऱ्या जातीचे मूळ आपल्या ओळखीच्या गावाशी पोचते. १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हा वायूचा लेझर ज्यांनी शोधून काढला, ते सी. कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. उसाच्या गावचा मुलगा, आणि त्याच्या शोधावर आज जगभर लाकूड, कापड, कातडे कापले जाते. त्या नळीचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. ती थंड ठेवण्यासाठी सतत पाणी खेळवावे लागते, आणि तिला लागणारा विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. वीज कधी येते नि कधी जाते याचा भरवसा नसलेल्या घरात ही नळी आणण्याचा विचारही नको. पाणी थांबले आणि नळी चालू राहिली तर काच तडकते. डायोडच्या यंत्राला तेवढे सोपस्कार नाहीत. पण कोरताना मध्येच वीज गेली तर तो पट्टा बहुधा वाया जातोच. पुन्हा त्याच जागी त्याच रेघेवर यंत्र नेमके बसवणे नवशिक्याला जमत नाही.

जाहिरातीतही एक मेख असते. "चाळीस वॅट" असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, पण ती पुष्कळदा यंत्र किती वीज खाते त्याची संख्या असते. प्रत्यक्ष प्रकाशाची ताकद पाच-दहा वॅटच भरते. पाच वॅटवर नाव छान उमटते, पण जाड कातडे कापायला बसलात तर ठिपका चार-चार वेळा फिरवावा लागतो आणि कडा कोळशासारखी होते. तेव्हा विचारायचे ते प्रकाशाचे वॅट.

आता कातड्याकडे येतो, कारण खरी मेख तेथेच आहे.

बाजारात ज्याला लेदर म्हणून विकतात त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. एक, झाडपाल्यात कमावलेले कातडे. आपल्याकडे ते बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. आधी चुन्यात मुरवून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवून तीत साल-हिरड्याचे पाणी भरून टांगायची, मग ती उलटी करून पुन्हा भरायची, असे कितीतरी दिवसांचे काम. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी मंडळी जो हिरडा गोळा करतात, तोच हा. दुसरे, क्रोमचे कातडे. ते कारखान्यात क्रोमियमच्या क्षारात झटपट कमावले जाते. मऊ असते, रंग धरते, पाण्याला टिकते. जगातले बहुतेक कातडे आज असेच कमावलेले असते. तिसरे म्हणजे रेक्झीन. ते कातडेच नव्हे, कापडावर चढवलेले प्लॅस्टिक.

यांतले पहिले लेझरला मानवते. अक्षर स्वच्छ तपकिरी-काळे उमटते. दुसऱ्यावर रेघ फिकी आणि राखाडी येते, आणि एक धोकाही आहे. कडक उष्णतेने त्यातल्या क्रोमियमचा काही भाग विषारी रूपात जाऊ शकतो. ते रूप कर्करोगाला कारण ठरते हे सिद्ध झालेले आहे. तिसऱ्याला तर लेझर दाखवूच नये. त्यातले पी.व्ही.सी. जळले की आम्लाचा वायू निघतो. तो छातीत जातो आणि यंत्राचे लोखंडही गंजवतो.

ओळखायचे कसे? कातड्याची कापलेली कड पाहा. झाडपाल्याचे असेल तर आतपर्यंत तपकिरी दिसेल. क्रोमचे असेल तर मध्ये पुष्कळदा निळसर-करडी रेघ दिसते. रेक्झीनची मागची बाजू उसवली की विणलेले कापड हाती लागते. शंका राहिली तर तांब्याची तार ज्योतीत तापवून तुकड्याला टेकवा आणि तीच तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो माल परत करा. ही तपासणी उघड्यावर करायची आणि धुराकडे तोंड करायचे नाही.

धुराविषयी आणखी थोडे. खरे कातडे जळले तरी केस-शिंग जळाल्याचा वास येतोच. पंखा आणि नळी लावून धूर घराबाहेर काढावा लागतो. ज्या खोलीत लेकरू निजते तेथे हे यंत्र नको, आणि कडब्याच्या गंजीशेजारच्या पडवीतही नको. चालू यंत्र सोडून कुणी चहाला जायचे नाही, कारण ठिपका अडकला की पेट घेतो. डोळ्यांचा चष्माही त्याच प्रकाशासाठी बनवलेला हवा. उन्हाचा काळा चष्मा येथे कुचकामी. परावर्तित किरण डोळ्यात गेला तर गेलेली नजर परत येत नाही. शेजारची पोरे गंमत पाहायला गोळा होणार हे गृहीत धरूनच जागा ठरवावी.

लालबाग-परळच्या गिरण्यांना कातड्याची ही पारख चांगली ठाऊक होती. गिरणीत सूत असायचे, कातडे कुठले, असे तुम्ही म्हणाल. जुन्या खात्यात छताजवळून एक लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून उतरलेल्या कातडी पट्ट्यांवर खालची यंत्रे चालत. साच्यावर धोट्याला टोला देणारा पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे. सूत ओढणाऱ्या रोलरवर मेंढीचे मऊ कातडे चढवलेले असे. ते कुठे उसवले, झिजले, की सुताला लगेच गाठी पडत. पुढे रबर आणि नायलॉन आले. आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाल्यावर गिरणगावाची घडीच मोडली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी तेव्हा कुणीतरी वळकटी घेऊन परत आले असेल. आज त्या जागांवर टॉवर उभे आहेत, आणि मधल्या गाळ्यांतून नावे कोरणारी लेझरची यंत्रे.

या यंत्रांच्या आसपास छंद म्हणून कातडीकाम करणारी तरुण मंडळीही मुंबईत आता भेटतात. नोकरी करून रविवारी पाकिटे शिवतात. त्यांचे काम पाहिले तर लेझरचा वाटा त्यात फार थोडा असतो. कातडे निवडायचे, पाठीचे घट्ट कुठे आणि पोटाचे ढिले कुठे ते पाहायचे, कापायचे, दुमडायच्या कडा तासून पातळ करायच्या, भोके पाडायची, शिवायचे, कडा घासून गुळगुळीत करायच्या. नाव कोरणे दोन मिनिटांचे. कडा तासण्याचे यंत्र येते, साच्यावर दाब देऊन एकसारखे तुकडे पाडणारा प्रेसही येतो. पण शंभर नग सारखे करायचे असतील तेव्हा त्याचे मोल. दहा नगांना धारदार रापी पुरे.

शिवणाचे पाहा. घरातले शिलाई मशीन जाड कातड्याला लावू नका, सुई मोडेल आणि दातऱ्या कातड्यावर वळ उठवतील. त्यासाठी वरून आणि खालून दोन्हीकडून माल ओढणारे जड मशीन लागते. हातशिवण मात्र मशीनपेक्षा सरस आहे. मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. यात एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मशीनची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाते. बैलाच्या गळ्यातला पट्टा कुठल्या शिवणीचा हवा, हे शेतकऱ्याला सांगायला नको. लेझरचा एक उपयोग येथे खरा आहे. पुठ्ठ्यावर किंवा पातळ फळीवर मापाचा नमुना आणि शिवणीच्या भोकांची ओळ तो अगदी नेमकी कापून देतो. तो नमुना एकदा करून आणला की वर्षानुवर्षे हातानेच काम करता येते.

देवनागरी अक्षरे कोरायची असतील तर बारीक नक्षीदार वळण निवडू नका. शिरोरेघ आणि जोडाक्षरे एकात एक जळतात. आणि नाव आरपार कापून जाळी करायची हौस असेल तर आधी कागदावर काढून पाहा. 'विठ्ठल' असे कापले की 'व' च्या पोटातला तुकडा खाली गळून पडतो आणि नुसते भोक राहते. तसेच, ओढ सहन करणाऱ्या पट्ट्यावर आडवी खोल रेघ कधी कोरू नये. कातडे तेथेच तुटणार. नाव शोभेच्या पट्ट्यावर घाला, जोताच्या वादीवर नको.

विजेशिवायही नाव उमटवता येते. झाडपाल्याचे कातडे ओल्या फडक्याने दमट करावे, गालाला लावले तर गार लागावे इतपत. मग पितळी ठसा ठेवून हातोड्याचा एक नेमका टोला. वाळल्यावर तो ठसा कायमचा. गावाचे किंवा घराण्याचे नाव असलेला एक ठसा करून घेणे आणि यंत्र घेणे यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. क्रोमच्या कातड्यावर हा ठसा टिकत नाही, म्हणजे मालाची परीक्षाही आपोआप होते.

आता ताईंची ती बारीक अक्षरातली ओळ. लोक काय म्हणतील? ताई, तुमच्या विहिरीवर इंजिन येण्याआधी मोट होती. ती कातड्याची होती आणि ती शिवणारा माणूस तुमच्याच गावचा होता. सुगीला खळ्यावर येऊन बलुते घेई आणि बाहेरूनच परत जाई. त्याच्या हातच्या मोटेचे पाणी शिवाराला चालले, त्याच्या हातच्या वहाणा पायांना चालल्या, तो माणूस मात्र उंबऱ्याच्या आत चालला नाही. ही गोष्ट आपण शेतकऱ्यांनी अजून मोकळेपणाने बोलून दाखवलेली नाही. मुंबईत एखाद्या बँकेतला तरुण रविवारी कातडे शिवतो तेव्हा तो छंद होतो, त्याची चित्रे लोक कौतुकाने पाहतात. गावात तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्याची ती जात होते. हातातली आरी एकच. तुमच्या मुलाला या कामाची लाज वाटत नाही, ही मला त्याची सर्वांत मोठी कमाई वाटते. लोक काही म्हणालेच तर म्हणू द्या.

मात्र त्यातून दुसरा अन्याय होऊ नये, एवढे पाहावे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि आधी त्यांच्या मुळाचे नावही घेतले नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. ओरड झाली, कंपनीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथल्या कारागिरांकडून चपला करवून घेण्याचे ठरले. नाव घेतले गेले, तेही ओरड झाली म्हणून. आपल्या गावातही तसे होऊ शकते. यंत्र घेऊ शकणारे घर बाजारात उभे राहते, आणि ज्याला कातडे कळते तो म्हातारा कारागीर पारावर बसून राहतो.

म्हणून मुलाला असे सांगा. गावात किंवा पंचक्रोशीत कातडे ओळखणारा जुना कारागीर असेल तर त्याच्याकडे सहा महिने बसावे. फुकट नव्हे, शिकवणीचे पैसे देऊन, आणि त्याला आपल्या घरी बोलावून, आत बसवून. गोचिडाचे व्रण, पराणीच्या खुणा, तारेचे ओरखडे कातड्यावर कसे दिसतात आणि ते टाळून कापायचे कसे, हे तोच दाखवील. आरी, रापी, हातोडा, ठोकायला दगडी लादी, मेणाचा दोरा, एवढ्यावर सुरुवात होते. पहिले दहा पट्टे बिघडतील, ते घरच्याच बैलांना घाला. पुढचे विकले जाऊ लागले की नाव कोरण्याचे काम मिरज-कोल्हापूरच्या गाळ्यातून नगावर करून आणावे. वर्षभर वहीत लिहावे : किती नग विकले, त्यांतल्या किती लोकांनी नाव मागितले, कोरणावळ किती गेली. त्या कोरणावळीच्या रकमेवर यंत्राचा हप्ता निघत असेल तर यंत्र घ्यावे, नसेल तर गाळेवाल्याचे यंत्र आपल्यासाठी चालतेच आहे. पुढे मोठे काम झाले तर त्या कारागिराला रोजावर न ठेवता भागीत घ्यावे, असे माझे मत आहे.

पैशाच्या वाटाही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा हस्तव्यवसाय आहेत आणि पादत्राणे करणारा कारागीर त्यांत येतो. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. ती परंपरेने हे काम करणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा गावातल्या कारागिराला आधी कळवा, अर्ज भरायला मुलाने मदत करावी. राज्याचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. त्याच्या योजना चर्मकार समाजासाठी आहेत, त्यांचीही चौकशी करून द्यावी. शिकवणीच्या पैशाइतकाच हाही मोबदलाच.

कातडे आणताना वरचे चौरस फुटावर आणि तळाचे जाड वजनावर मिळते, हे लक्षात असू द्या. मुंबईत धारावीत ते मिळते. पण पहिल्या खेपेला बरोबर जाणता माणूस हवा, नाहीतर क्रोमचे कातडे झाडपाल्याचे म्हणून गळ्यात पडायचे.

आणि पावसाळ्याचे. झाडपाल्याच्या कातड्याला दमट हवेत बुरशी लवकर धरते, आणि कोरलेल्या रेघेतून पाणी आत शिरते. कोरल्यावर दमट फडक्याने काजळी पुसून काढावी, सावलीत वाळवावे, मग तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. तेल जास्त झाले तर पट्टा ढिला पडतो. साठवायचे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती धोतरात गुंडाळून माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेपासून दूर ठेवा. बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने उंबऱ्याबाहेर झटकावी आणि पट्टा तासभर वाऱ्याला टांगावा, उन्हात नको.